शनिवारचं पाणी

मुंबईची गाडी फलाटाला लागली तेव्हा आईने पायातल्या चपला काढल्या, एकमेकींवर आपटल्या, महाडची धूळ महाडच्या डेपोत झटकली आणि मगच ती पायरी चढली. ज्या गावाने तुम्हाला स्वीकारलं नाही तिथून निघताना पायांची धूळही तिथेच टाका, असं येशूने शिष्यांना सांगितलं होतं, हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. बाबा ट्रंक टपावर चढवून शिडीवरून उतरत होते. त्यांनी ते बघितलं आणि हळूच म्हणाले, "अगो, ते प्रेषितांना सांगितलेलं. आपण प्रेषित नाय. आपल्याला नुसती खोली खाली करायला सांगितलीय."

"तुम्ही गप बसा," आई म्हणाली. "कमिटीपुढे बसलात ना, तसेच."

कंडक्टर खिडकीतून ओरडला, "ओ बाई, झटकाझटकी मुंबईला जाऊन करा! गाडी सुटते."

आम्हाला निरोप द्यायला आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं कोणी आलं नव्हतं. आली होती ती फक्त माझी काकू, बौद्धवाडीतून, डोक्यावर पदर घट्ट ओढून. तिने खिडकीतून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. "माझ्यापायी झालं गो सगळं," असं ती आईला म्हणत होती, आणि आई तिचा हात धरून "तुझ्यापायी नाय, तुझ्यापायी नाय" एवढंच म्हणत होती. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. गाडी सावित्रीच्या पुलावर आली तेव्हा मी मनाशी ठरवलं की या गावाला मी कधीही माफ करणार नाही. ठरवून बरं वाटलं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. जे महाडात आणि पोलादपुरात राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे आमच्यासारखे कुणाच्या तरी रागाने, कुणाच्या तरी ठरावाने किंवा पोटासाठी ट्रंक टपावर टाकून निघालात त्यांच्यासाठीही. आपल्यापैकी बरेच जण गावाची आठवण काढताना नदी आणि डोंगर यांच्याबद्दल बोलतात. मला बोलायचं आहे ते माणसांबद्दल, आणि माणसं मनात कुजतात त्याबद्दल.

माझे वडील शांतवन. तरुणपणी ख्रिस्ती झाले, आणि नंतर मंडळीचे प्रचारक झाले. उपासनागृहामागच्या खोलीत आम्ही राहायचो. त्या खोलीत भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. "आजच विचार करा!" "उद्या फार उशीर होईल!" आई म्हणायची, या पोरीला मीठ आणायला पाठवलं तरी दुकानदाराला पश्चात्ताप करायला लावील. एकदा पुराचं पाणी खोलीत शिरलं आणि सगळी पत्रकं भिजली. बाबांनी ती अंगणात दोऱ्या बांधून चिमट्यांनी वाळत घातली. येणारे जाणारे हसायचे. "मास्तर, देव वाळत घातला काय?" बाबाही हसायचे. "वाळला की तुमच्या घरी आणून देतो."

त्यांच्याबरोबर पत्रकं वाटत फिरायचे ते नथानमामा. सख्खे मामा नव्हेत, बाबांचे सोबती. गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मंडळीच्या कमिटीवर होते. मूळचे ते आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका डोंगरवाडीतले, म्हशी राखणाऱ्या घरातले. तिथे त्यांचं नाव नथू. ख्रिस्ती झाले त्या दिवशी घराने त्यांना अंगणाबाहेर उभं केलं. रविवारी दुपारी दोघं पोलादपूरकडच्या वाड्यांवर चढायचे, एकाच्या पिशवीत पत्रकं, दुसऱ्याच्या पिशवीत खरजेचं मलम. लोक मलम आधी मागायचे. नथानमामा चिडायचे, आणि बाबा म्हणायचे, "दे रे नथू. खाजवता खाजवता कोण ऐकणार?"

आमच्या मंडळीत एक पद्धत होती. पुढे मुंबईत मी ती कुणाला सांगितली की लोक माझ्याकडे बघत राहायचे, म्हणून इथे नीट सांगते. पहिल्या काळात आमच्या मंडळीत वेगवेगळ्या वाड्यांतून माणसं आली. एकत्र प्रार्थना करायची, एकत्र गायची, पण घरी जाऊन एकमेकांच्या माठातलं पाणी प्यायची नाहीत. तेव्हाच्या कुणा प्रचारकाने नियम घातला: प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी भाकर आणि प्याला वाटून घ्यायच्या रविवाराच्या, आदल्या दिवशी, शनिवारी, जा आणि दुसऱ्याच्या घरचं पाणी पिऊन या, नाहीतर रविवारी प्याल्याला हात लावू नका. महाडात पाणी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. तळं आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. हळूहळू जातीचा प्रश्न मागे पडला आणि भांडणाचा राहिला. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या दारात शनिवारी जायचं, "सलाम" म्हणायचं आणि पाणी मागायचं. पाणी त्या माणसानेच स्वतःच्या हाताने द्यायचं. भांडणाविषयी बोललंच पाहिजे असं नव्हतं. प्रभुभोजन द्यायला पाळकसाहेब बाहेरगावाहून तीन महिन्यांतून एकदा यायचे, त्यामुळे तीन महिन्यांची भांडणं त्या एका संध्याकाळी साचलेली असायची, आणि गल्लीतून लोक तांब्या-पेल्यांच्या आवाजात येत-जात असायचे. आई म्हणायची, "आज महाडात कुणाला तहान राहायची नाय."

मग माझे काका वारले. बाबांचे धाकटे भाऊ. ते बौद्ध झालेले होते. जलदान विधीच्या दिवशी बाबा बौद्धवाडीत गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली काकांचा फोटो. काकूने बाबांच्या हातात मेणबत्ती दिली. घरातला थोरला माणूस आता तेच होते. बाबांनी ती लावली, हात जोडले आणि भावाच्या फोटोकडे बघत उभे राहिले. नथानमामा त्या दिवशी वाडीत कुणाच्या तरी जखमेची पट्टी बदलायला गेले होते. त्यांनी दारातून बघितलं. बाबांनीही त्यांना बघितलं आणि मानेने "ये" म्हणून खुणावलं. नथानमामा आत आले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात ही गोष्ट कमिटीपुढे आली. प्रचारकाने तसबिरीपुढे मेणबत्ती लावून नमस्कार केला, अशी साक्ष नथानमामांनी दिली. बाबांना सांगण्यात आलं की रविवारी मंडळीसमोर उभं राहून क्षमा मागा, विषय संपला. बाबा म्हणाले, "भावासाठी लावली. त्याची क्षमा नाय मागणार." यापलीकडे ते काही बोलले नाहीत. त्यांचं काम गेलं, आणि कामाबरोबर खोली.

प्रभुभोजन जवळच होतं. शनिवारी संध्याकाळी बाबा नथानमामांच्या दारात गेले. मी बरोबर होते. मामी बाहेर आल्या, म्हणाल्या, घरात नाहीत. उंबऱ्याशी मामांच्या चपला होत्या. बाबांनी चपलांकडे बघितलं, मामींना सलाम केला आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला ते उठले नाहीत. आणि उन्हाळ्यात आम्ही गाव सोडलं.

मुंबईत भांडुपला एका कंपनीत बाबा वॉचमन झाले. ज्या माणसाने दारोदार जाऊन दारं ठोठावली, तो आता गेटवर बसून येणाऱ्यांना "पास दाखवा" म्हणू लागला. फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा शिफ्टवर आमचं घर चालू लागलं. आमच्या तोंडी ओव्हरटाइम, सुट्टीचा रिलिव्हर, रेशनचा क्यू असले शब्द आले. आईने चाळीत शिवणकाम सुरू केलं. मी टायपिंगची परीक्षा दिली, ऑफिसात लागले आणि संध्याकाळच्या कॉलेजात जाऊ लागले. तिथे मला दुसरी पत्रकं भेटली. सायक्लोस्टाइल केलेली, शाईचे डाग पडलेली, हक्कांची, मोर्चांची, झोपड्या पाडण्याविरुद्धची. उद्गारचिन्हं तीच होती. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मुंबईतली आमची नवी मंडळी मोठी होती. पंखे होते, ऑर्गन होता, सगळ्यांच्या एका प्याल्याऐवजी लहान लहान काचेचे पेले होते. शनिवारचं पाणी नव्हतं. कुणाचं कुणाशी भांडण आहे हे कळायला आधी ओळख लागते, आणि ओळखी गेटपर्यंतच असायच्या. प्रभुभोजनाच्या वेळी बाकामागून बाक उठायचा आणि पुढे जायचा. बाबा गुडघे बाजूला घेऊन सगळ्यांना वाट करून द्यायचे आणि बसून राहायचे. आई मात्र प्रत्येक वेळी जायची. ताठ मानेने जायची, ताठ मानेने यायची.

याचा मला भयंकर संताप यायचा. "दार त्यांनी उघडलं नाही आणि उपाशी तुम्ही?" मी एकदा बाबांना विचारलं. "हा कुठला न्याय?"

"न्याय नाय गो. वाटतं मला की माझ्या मनात काय नाय. पण वाटायला काय जातं? मी भांडुपला, तो महाडला. त्याच्या दारात उभा राहीन तेव्हा खरं काय ते कळंल."

बाबा कडूपणाबद्दल बोलायचे ते नेहमी काजऱ्याच्या झाडावरून. आपल्याकडच्या डोंगरात काजरा माहीत नसलेलं माणूस नाही. फळ दिसायला नारिंगी, देखणं, आणि बी म्हणजे जहर. कडूपणाला मूळ असतं, ही शास्त्रातली शिकवण सांगताना ते म्हणायचे, "काजरा वरनं तोडला तर पुढच्या पावसात दुप्पट फुटतो. खणायलाच लागतो. आणि खणताना हात आपलेच सोलतात, काजऱ्याला काय होत नाय." महाडात असताना हे ऐकून मी कंटाळायचे. मुंबईत मला ते आमच्या खोलीत दिसू लागलं.

आईत दिसू लागलं. महाडकडची एक बाई चाळीत कुणाकडे आली होती, ती ओळख काढून आमच्या दारात आली. आईने तिला "बसा" म्हटलं नाही. जी आई महाडात अनोळखी हमालालाही चहा पाजायची, ती त्या बाईला दारातूनच "बरं आहे सगळं" म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवू लागली. मग एका पावसाळ्यात पेपरात बातमी आली की सावित्रीला पूर आलाय, महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलंय. मी मोठ्याने वाचत होते. आई तांदूळ निवडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "येऊ दे. धुवून जाऊ दे सगळं."

काकू तिथे होती. माझ्या वर्गातल्या मुली तिथे होत्या. नदीकाठची सगळी गरीब घरं तिथे होती. बाबांनी खुंटीवरचा शर्ट काढला, अंगात घातला आणि बाहेर निघून गेले. आईचं सूप थोड्या वेळाने थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला त्या क्षणी भीती वाटली ती आईची नव्हे, माझी. माझ्या मनात तेच वाक्य तिच्याआधी येऊन गेलं होतं.

राग सोडा असं मला कुणी सांगू नये. एका माणसाला भावाच्या मरणाला मेणबत्ती लावली म्हणून घराबाहेर काढणं हा अन्याय होता, आणि अन्यायाला अन्याय म्हणायला मी पत्रकांवरच शिकले. मी तेव्हा एक पत्रक लिहिलं. "पाणी कोणी नाकारलं?" असं त्याचं नाव. ज्या महाडात पाण्यासाठी माणसं उभी राहिली, त्याच महाडातल्या एका मंडळीत शनिवारी दार बंद करून पाणी नाकारलं गेलं, असा आरोप होता. कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनी ते सायक्लोस्टाइल केलं, आणि त्याच्या प्रती महाडपर्यंत गेल्या. बाबांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"सगळं खरं हाय," ते म्हणाले. "एक शब्द खोटा नाय."

"मग?"

"नथूचं तोंड कसं होतं ते तुला आठवत नाय. ह्यात नुसता हात हाय, दार बंद करणारा."

मी म्हटलं, मला त्यांचं तोंड आठवायचं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी बाबांना ड्यूटीवर हृदयाचा झटका आला. वाचले, पण डॉक्टरांनी जिने बंद केले, नोकरी बंद झाली. आमचे पाळकसाहेब घरी आले, आजाऱ्याला प्रभुभोजन द्यायला. छोट्या डब्यातून भाकर काढली, पेल्यात द्राक्षारस ओतला. बाबांनी हात जोडले. "रागावू नका, साहेब. मला महाडला एक पाणी प्यायचं राहिलंय." पाळकसाहेबांना काही कळलं नाही. आईला कळलं, आणि ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन भांडी घासू लागली, जी घासून झालेली होती.

बाबांना आता किती वेळ आहे हे कुणी सांगू शकत नव्हतं. आणि त्यांनी तो प्याला न घेता जावं हे मला सहन होणारं नव्हतं. नथानमामांवर उपकार म्हणून नव्हे. बाबांसाठी. महाडला मी चौकशी केली. मामी वारल्या होत्या, मामा पोलादपूरजवळ मुलीकडे राहत होते, आणि महाडात प्रभुभोजन केव्हा आहे तेही कळलं. आई म्हणाली, मी येणार नाही. निघायच्या सकाळी पिशवी भरून दारात उभी होती. "वाटेत ह्यांना काय झालं तर तू काय टाइप करणार हायस काय?"

नथानमामांच्या मुलीचं, सुशीलाताईचं घर आंबेनळीच्या रस्त्याला लागून होतं. आम्ही शनिवारी दुपार उतरताना पोचलो. ओसरीवर एक वाळलेला म्हातारा बसला होता. हात गुडघ्यांवर, आणि दोन्ही हात आपोआप थरथरत होते. ज्या हातांनी ते बारीक बाटलीत थेंब मोजायचे तेच हात. बाबा पायरीशी थांबले, दम घेतला.

"सलाम, नथू."

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. "शांतवन? मेला नायस काय अजून?"

"प्रयत्न केला. जमला नाय."

"पत्रकं वाटतोस काय रे अजून?"

"मी नाय. ही पोरगी वाटते."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "वाचलं मी तुझं. पोलादपूरच्या मास्तरांनी आणून दिलं. चांगलं लिहिलंस. तुझ्या बापाची पत्रकं आयुष्यभर वाटली, कोण वाचत नव्हतं. तुझं सगळ्यांनी वाचलं." मग ते बाबांकडे वळले, आणि आवाज एकदम कडक झाला. "मला एक सांग. मेणबत्ती लावली होतीस की नाय?"

"लावली होती."

"म्हणजे मी खोटं नाय बोललो."

"नाय. खरं बोललास."

"मग इतक्या लांबनं पाणी मागायला कशाला आलास?"

"तहान लागली म्हणून," बाबा म्हणाले.

सुशीलाताई आतून तांब्या घेऊन आली. मामांनी तिला हाताने थांबवलं. तांब्या तसाच तिच्या हातात राहिला. मामा बोलू लागले, आमच्याकडे न बघता, समोरच्या डोंगराकडे बघत. वर त्या बाजूलाच त्यांची वाडी होती.

"माझी आय मेली तेव्हा निरोप आला होता. दहाव्याला ये, म्हणाले. भावानं स्वतः बोलावलं, ज्यानं मला बाहेर काढलं त्यानं. मी पाळकांना विचारलं. ते म्हणाले, पिंडाला उभा राहू नकोस. मी नाय गेलो. नियम पाळला. आय गेली नि मी दवाखान्यात पुड्या बांधत बसलो. मग तुला बघितलं त्या दिवशी. मेणबत्ती लावलीस, हात जोडलेस, नि रडत पण नव्हतास. वर मला मानेनं ये म्हणतोस! माझ्या पोटात जे उसळलं ते मी कमिटीपुढं ओकलो. धर्मासाठी बोललो असं मीच मला सांगितलं."

बाबा एक पायरी वर चढले.

"त्या शनिवारी मी घरातच होतो," मामा म्हणाले. "आलास ते ऐकलं. उघडलं असतं तर तू पाणी पिऊन मला मोकळा केला असतास. मला मोकळं व्हायचं नव्हतं. इतक्या वर्षांचा राग, तो सोडला की हातात काय उरणार होतं?"

मग त्यांनी तांब्या घेतला, पेल्यात पाणी ओतलं. अर्धं ओसरीवर सांडलं, थोडं बाबांच्या शर्टावर. बाबांनी राहिलेलं उभ्यानेच प्यायलं आणि तोंड पुसलं. "थंड हाय," म्हणाले. "अजून दे."

मी विचारलं, "मामा, आणि आमचं घर? बाबांचं काम? आमची इतकी वर्षं?"

"ते गेलं," मामा म्हणाले. "ते मला देता यायचं नाय." मग त्यांनी रिकामा पेला माझ्यापुढे धरला. "तू माझ्याविरुद्ध लिहिलंस. म्हणजे भांडण तुझं पण हाय. तू दे मला पाणी."

त्यांच्याच घरचा तांब्या, त्यांच्याच घरचं पाणी, आणि मला त्यांना द्यायचं होतं. मी ते पत्रक मागे घेतलेलं नाही, आजही घेत नाही. त्यातला एक शब्द खोटा नाही, हे बाबांनीच म्हटलं होतं. पण पेला देताना मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं. दाढीचे खुंट होते, खालचा ओठ लोंबत होता, डोळे भरलेले होते आणि आईच्या दहाव्याला न गेलेला एक मुलगा त्या डोळ्यांतून बघत होता. मी पेला त्यांच्या ओठांना लावला, कारण त्यांच्या हातात तो राहिला नसता. नंतर त्यांनी मला दिला, आणि मी प्यायले. राग होताच. पण त्या रागाला आता एक चेहरा होता, आणि चेहरा असलेला राग माणसाला आतून खात नाही, असं मला वाटतं. निदान मला त्या दिवसापासून त्याने खाल्लं नाही.

आई अंगणात उभी होती. पूर्ण वेळ. तिने एक पायरीही चढली नव्हती. सुशीलाताई म्हणाली, "मावशी, आत या ना. उन्हात कशाला?"

"बरं आहे मला इथं."

मामांनी नवा पेला भरायला घेतला. आई म्हणाली, "नको भरू, नथानभाऊ. मी नाय पिणार. भरलेलं पाणी तुला बाहेर ओतायला लावायचं नाय मला." तिचा आवाज उंच नव्हता. "मी माझी चूल उचलून नेली. ह्यांना गेटवर दंडुका घेऊन उभं राहिलेलं बघितलं. तुझं दुःख ऐकलं मी. वाईट वाटलं. पण नाय पिणार."

मामांनी पेला खाली ठेवला. "नको पिऊस, वैनी," ते म्हणाले. "मला पण लगेच नव्हतं जमलं."

ती रात्र आम्ही काकूकडे बौद्धवाडीत काढली. काकूने आईला विचारलं, काय झालं? आई म्हणाली, "हे दोघं प्यायले. मी नाय."

"मग प्यायली असतीस तर काय मेली असतीस?" काकू म्हणाली.

"हो," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. मला तिचं ते हसणं पुष्कळ दिवसांनी ऐकू आलं.

रविवारी आम्ही महाडच्या उपासनागृहात मागच्या बाकावर बसलो. आमच्या जुन्या खोलीला दुसरा रंग होता. कमिटीतली जुनी माणसं बरीचशी गेली होती. काही जणांनी ओळखलं, काहींनी ओळखलं नाही. एक म्हातारी बाबांचा हात धरून नुसती उभी राहिली. प्रभुभोजनाची वेळ आली. बाबांनी बाकाच्या पाठीला धरून उभं राहायला सुरुवात केली, आणि मी त्यांना आधार द्यायला उठले. नेहमीप्रमाणे आईही उठेल असं मी गृहीत धरलं होतं. इतकी वर्षं ती एकदाही चुकली नव्हती.

ती उठली नाही. तिने गुडघे बाजूला घेतले, आम्हाला वाट करून दिली आणि बसून राहिली. डोक्यावर पदर, हात मांडीवर, आणि मान खाली. ताठ नव्हती. पुढे वेदीशी बाबांनी भाकर घेतली, प्याला घेतला. परत येताना मी आईकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात प्रभुभोजन सगळ्यांत गंभीरपणे आता आई घेत होती. न घेऊन.

बाबा पुढच्या हिवाळ्यात गेले. नथानमामा त्यांच्या मागोमाग गेले नाहीत, अजून आहेत, ओसरीवर बसतात. बाबांना आम्ही भांडुपला मातीत ठेवलं, त्या दिवशी सुशीलाताईचा निरोप आला की मामा दिवसभर जेवले नाहीत.

आई अजून पाणी प्यायलेली नाही. मुंबईच्या मंडळीतही आता ती प्रभुभोजनाला बसून राहते, आणि शेजारच्या बायका विचारतात तेव्हा "महाडला एक काम राहिलंय" म्हणते. मी तिला घाई करत नाही. माझ्या जुन्या पत्रकांनी तिला "आजच! आत्ताच!" असं सांगितलं असतं, पण खणायला वेळ लागतो हे मी आता बघितलं आहे. पण ती खणते आहे. परवा महाडची तीच बाई पुन्हा चाळीत आली, तेव्हा आईने तिला बसवलं, चहा टाकला, आणि मशीन बंद ठेवून तासभर तिच्याकडून गावातल्या एकेका माणसाचं ऐकत बसली. कोण कसं आहे, कुणाच्या मुलीचं झालं, पुरात कुणाची भिंत पडली. भिंतीचं ऐकून म्हणाली, "अरेरे."

मुंबईत आमचं कुणाशी भांडण नाही. गेटवर, दुकानात, ऑफिसात सगळ्यांशी बरं आहे. पण इथे असं एकही दार नाही की ज्याच्यापुढे जाऊन उभं राहायला मला भीती वाटावी, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनीही मी याला घर म्हणू शकत नाही. तुम्ही जे दूर गेलात, तुम्हालाही असंच असेल. गाव आपल्याला बरं वागवतं म्हणून ते आपलं नसतं. जिथे कुणाच्या तरी हातचं पाणी प्यायचं आपलं राहिलेलं आहे, ते आपलं गाव.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर आई सहज विचारावं तसं म्हणाली, "शनिवारी सकाळची पोलादपूरची गाडी असते काय गो अजून?"

मी म्हटलं, असते.

"बघू," ती म्हणाली.